प्रत्येक मुलाला जागा : अमेरिकेतील उपनगरी माध्यमिक शाळांचे क्रीडा व सहशालेय कार्यक्रम

विनेटका हे नाव आपल्या शिक्षकवर्गाला अगदीच अपरिचित नाही. अध्यापक विद्यालयात शिक्षणपद्धतींचा अभ्यास करताना डाल्टन योजनेच्या जोडीने विनेटका योजनाही आपण वाचलेली असते. विनेटका हे अमेरिकेतील शिकागो शहराच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले एक उपनगर आहे. तेथील प्राथमिक शाळांचे अधीक्षक कार्लटन वॉशबर्न यांनी १९१९ ते १९४३ या काळात ही योजना राबविली. शाळेचा सुमारे अर्धा वेळ प्रत्येक मुलाने वाचन, लेखन व गणित आपापल्या गतीने शिकावे आणि उरलेला वेळ सर्वांनी मिळून नाट्य, संगीत, हस्तव्यवसाय, मुलांची सभा अशा सामुदायिक कामांत घालवावा, ही तिची थोडक्यात रूपरेषा. परीक्षेपुरता आपण पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतो. दुसरा बहुधा विसरून जातो.

प्रस्तुत लेख या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी आहे. मात्र येथे विचार करावयाचा आहे तो प्राथमिक शाळेचा नसून, तिच्यापुढील माध्यमिक शाळेचा. अमेरिकेतील उपनगरांत सार्वजनिक माध्यमिक शाळा क्रीडा व सहशालेय कार्यक्रम कसे चालवितात, त्यांत काय घेण्यासारखे आहे, काय टाळण्यासारखे आहे, आणि पंचवीस-तीस पटाच्या आपल्या शाळेला त्याचा काय उपयोग, हे क्रमाने पाहू.

१. शाळा सुटल्यानंतरची शाळा

विनेटका येथे १९०१ साली सुरू झालेली न्यू ट्रायर ही माध्यमिक शाळा आहे. ती सार्वजनिक आहे, म्हणजे स्थानिक करांच्या उत्पन्नावर चालते आणि परिसरातील सर्व मुलामुलींना खुली असते. नववी ते बारावी या चार इयत्तांत मिळून सुमारे चार हजार विद्यार्थी तेथे शिकतात. तीसहून अधिक खेळांचे संघ, शंभराहून अधिक विद्यार्थिमंडळे, वाद्यवृंद, नाट्यप्रयोग, इतकेच नव्हे तर विद्यार्थ्यांनी चालविलेले स्वतःचे नभोवाणी केंद्रही या शाळेत आहे. एवढे वैभव अर्थातच सर्वत्र नसते. परंतु कार्यक्रमांचा साचा बहुतेक उपनगरी शाळांत सारखाच आढळतो.

दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास वर्ग सुटतात आणि तेथून जणू दुसरी शाळा भरते. वर्षाचे तीन हंगाम मानलेले असतात. शरद ऋतूत अमेरिकन फुटबॉल, व्हॉलीबॉल व रानवाटांवरील लांब पल्ल्याची शर्यत. हिवाळ्यात बास्केटबॉल, कुस्ती व पोहणे. वसंतात बेसबॉल, टेनिस व मैदानी स्पर्धा. त्यामुळे एकच विद्यार्थी वर्षभरात दोन किंवा तीन खेळांत भाग घेऊ शकतो. बहुतेक खेळांत शाळेचा मुख्य संघ, त्याखालील दुय्यम संघ आणि नव्याने आलेल्या नववीच्या मुलांचा संघ अशी चढती श्रेणी असते. संघाला शिकविणारा मार्गदर्शक पुष्कळदा त्याच शाळेत गणित किंवा इतिहास शिकविणारा शिक्षक असतो आणि या जादा कामाबद्दल त्याला वेगळे मानधन मिळते.

खेळाबरोबर इतर कामेही चालू असतात. शुक्रवारी सायंकाळी फुटबॉलचा सामना असला की मध्यंतरात शाळेचा संचलन-वाद्यवृंद मैदानात उतरतो. शाळेचे वृत्तपत्र व वार्षिक अंक विद्यार्थी काढतात. वादविवाद, नाटक, विद्यार्थी-मंडळाची निवडणूक, यंत्रमानव बनविण्याची स्पर्धा, हे सारे शाळेच्या वेळापत्रकाबाहेर, परंतु शाळेच्या छायेतच घडते.

२. या कामांना अभ्यासात स्थान कसे मिळाले

प्रारंभी ही कामे विद्यार्थ्यांनी आपल्या हौसेने सुरू केली होती. शाळा त्यांच्याकडे कधी काणाडोळा करी, कधी त्यांना विरोधही करी. विसाव्या शतकाच्या आरंभी माध्यमिक शाळांत सर्व थरांतील मुले येऊ लागली, तसा हा दृष्टिकोन बदलला. १९१८ साली माध्यमिक शिक्षणाच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या आयोगाने शिक्षणाची सात उद्दिष्टे सांगितली. त्यांत आरोग्य, नागरिकत्व आणि फावल्या वेळेचा सदुपयोग यांना मूलभूत विषयांच्या पंक्तीत बसविले. नागरिकत्व केवळ पुस्तकातून शिकविता येत नाही. सभा चालवून, मत देऊन, हार पचवूनच ते शिकावे लागते, हे एकदा मान्य झाल्यावर मैदान आणि सभागृह ही शाळेचीच वर्गखोल्या ठरली.

पुढे ‘अभ्यासेतर’ या शब्दाऐवजी ‘सहशालेय’ किंवा ‘अभ्यासपूरक’ अशा अर्थाचे शब्द तेथेही रूढ होऊ लागले. हा केवळ शब्दांचा बदल नव्हे. जे अभ्यासाबाहेरचे ते वेळ उरला तर करावयाचे. जे अभ्यासाच्या बरोबरीचे ते ठरवून करावयाचे. आपल्या वेळापत्रकातही हा भेद आपण करतो की नाही, हे ज्याने त्याने पाहावे.

३. कार्यक्रम किती, आणि मुले किती?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एवढी मैदाने, एवढी मंडळे, एवढे संघ असलेल्या मोठ्या शाळेत प्रत्येक मुलाला अधिक संधी मिळत असेल, असे आपल्याला सहज वाटते. कॅन्सस राज्यातील रॉजर बार्कर व पॉल गम्प या दोन संशोधकांनी नेमकी हीच समजूत तपासून पाहिली. त्यांचे संशोधन ‘मोठी शाळा, लहान शाळा’ अशा अर्थाच्या नावाने १९६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

त्यांनी पाहिलेल्या शाळांपैकी सर्वांत लहान शाळेचा पट ३५ होता आणि सर्वांत मोठ्या शाळेचा २,२८७. म्हणजे मोठ्या शाळेत मुले सुमारे ६५ पट होती. परंतु वर्ग, सामने, सभा, नाटके, सहली असे मुलांनी एकत्र येऊन काही करण्याचे प्रसंग व ठिकाणे मोजली, तेव्हा ती केवळ ८ पट भरली. मुले पासष्टपट आणि जागा आठपट! फुटबॉलच्या संघात मैदानावर अकराच गडी उतरतात. शाळा शंभरांची असो वा दोन हजारांची, बारावा गडी काठावरच बसतो.

संशोधकांनी आणखी एक बारकावा पाहिला. कार्यक्रमाला केवळ हजर असणे वेगळे आणि त्यात जबाबदारीचे काम करणे वेगळे. प्रेक्षक न आला तरी नाटक होते. पात्र न आले तर होत नाही. या दृष्टीने अकरावीच्या मुलांची पाहणी केली असता लहान शाळांतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला सरासरी साडेतीन जबाबदारीची कामे आलेली आढळली; मोठ्या शाळेत हे प्रमाण अर्ध्या कामाचे होते. एकही जबाबदारीचे काम न मिळालेली मुले मोठ्या शाळेत शेकडा २९ होती. लहान शाळांत शेकडा २.

अभ्यासात मागे पडणाऱ्या किंवा घरची परिस्थिती बेताची असणाऱ्या मुलांविषयीचा निष्कर्ष तर शिक्षकाने मनावर कोरून ठेवावा असा आहे. लहान शाळेत या मुलांनाही इतरांइतकेच वाटत असे की, ‘आपण गेलो नाही तर काम अडेल.’ मोठ्या शाळेत मात्र त्यांना असे फारसे वाटत नसे. मूल तेच, वयही तेच. फरक एवढाच की, एका ठिकाणी त्याची गरज होती आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हती.

४. मुलींची जागा

जागा नसली म्हणजे आवड नाही असा समज कसा पसरतो, याचे मोठे उदाहरण अमेरिकेतील शाळांनीच दिले आहे. १९७१-७२ या वर्षी तेथील माध्यमिक शाळांच्या संघांतून सुमारे ३६ लाख ६६ हजार मुलगे खेळत होते. मुली होत्या सुमारे २ लाख ९४ हजार. मुलींना मैदानी खेळांची गोडी नसते, असे याचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाई.

१९७२ साली तेथील केंद्रीय शासनाने कायदा करून, शासकीय साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगभेदावरून संधी नाकारण्यास मनाई केली. शाळांना मुलींसाठी संघ काढावे लागले, मैदानाच्या वेळा वाटून द्याव्या लागल्या, मार्गदर्शक नेमावे लागले. आज शालेय संघांतून खेळणाऱ्या मुलींची संख्या ३० लाखांहून अधिक आहे. पन्नास वर्षांत मुलींचा स्वभाव दहापट बदलला असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती शाळेची व्यवस्था.

५. घेऊ नये असे काही

या कार्यक्रमांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी इलिनॉय राज्यातील दहा माध्यमिक शाळांचा अभ्यास करून १९६१ साली ग्रंथ लिहिला. शाळेत आपली आठवण कोणत्या रूपाने राहावी, असे मुलांना विचारले असता, हुशार विद्यार्थी म्हणून राहावी असे म्हणणाऱ्या मुलग्यांपेक्षा उत्तम खेळाडू म्हणून राहावी असे म्हणणारे अधिक निघाले. सामना जिंकणारा मुलगा साऱ्या शाळेची प्रतिष्ठा वाढवितो, म्हणून सारे त्याचा जयजयकार करतात. परीक्षेत पहिला येणारा मात्र इतरांना मागे टाकतो, म्हणून त्याच्याविषयी तेवढे प्रेम वाटत नाही, अशी त्यांची उपपत्ती होती. यावर खेळ बंद करावे असे त्यांनी सुचविले नाही. अभ्यासातही शाळाशाळांच्या संघांनी मिळून स्पर्धा कराव्यात, म्हणजे बुद्धीचे यशही सर्वांचे होईल, असे त्यांनी सुचविले.

दुसरा दोष पैशाचा. तेथील शाळांच्या उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक घरपट्टीसारख्या करातून येतो. सधन उपनगराची शाळा त्यामुळे संपन्न आणि शहरातील गरीब वस्तीची शाळा दरिद्री राहते. जोनाथन कोझोल यांनी १९९१ सालच्या आपल्या ग्रंथात ही विषमता न्यू ट्रायर आणि शिकागो शहरातील शाळा यांची तुलना करून दाखविली आहे. शिवाय अनेक ठिकाणी संघात खेळण्यासाठी वेगळे शुल्क द्यावे लागते. ज्याच्या घरी ते शुल्क देणे जड जाते, त्याची जागा निवड होण्यापूर्वीच गेलेली असते.

तिसरा दोष अतिरेकाचा. खेळापायी अभ्यास मागे पडू नये म्हणून टेक्सास राज्याने १९८४ साली नियम केला : एखाद्या विषयात ७० पेक्षा कमी गुण मिळाल्यास विद्यार्थ्याने सहा आठवडे स्पर्धेत भाग घेऊ नये. नियमाचा हेतू चांगला असला तरी त्यावर वाद झाला. कारण काही मुलांच्या बाबतीत मैदान हेच शाळेत येण्याचे एकमेव कारण असते आणि तेच काढून घेतले तर मूलच शाळेतून जाण्याचा संभव असतो. तसेच डोक्याला मार बसला असता खेळाडूला पुन्हा लगेच मैदानात उतरवू नये, असा कायदा वॉशिंग्टन राज्याने २००९ साली केला आणि २०१४ पर्यंत सर्व राज्यांनी तशी तरतूद केली. विजयाच्या भरात मुलाच्या जिवाकडे दुर्लक्ष होऊ शकते, हे त्या समाजालाही कायदा करूनच स्वतःला बजावावे लागले.

६. पाचव्या धावपटूचा धडा

आता एक घेण्यासारखी गोष्ट. अनेक अमेरिकन शाळांत बास्केटबॉलसारख्या खेळाची निवड-चाचणी होते आणि जागांपेक्षा मुले अधिक असल्यामुळे बरीच परत पाठविली जातात. परंतु रानवाटांवरील लांब पल्ल्याच्या शर्यतीत पुष्कळ शाळा कोणालाही परत पाठवीत नाहीत. जो सराव करील तो संघात. या शर्यतीचे अंतर सुमारे पाच किलोमीटर असते आणि तिच्या गुणांची रीत मोठी बोधप्रद आहे. प्रत्येक शाळेचे सात धावपटू गुणांसाठी धावतात. त्यांतील पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज करतात. जिची बेरीज कमी ती शाळा विजयी.

उदाहरणार्थ, ‘अ’ शाळेचे पहिले पाच धावपटू १, २, १०, ११ व १२ या क्रमांकांवर आले. बेरीज ३६ झाली. ‘ब’ शाळेचे ३, ४, ५, ६ व ७ या क्रमांकांवर आले. बेरीज २५ झाली. पहिले दोन्ही क्रमांक ‘अ’ शाळेचे असूनही विजय ‘ब’ शाळेचा! ‘ब’ शाळेचे सहावा व सातवा धावपटू ८ व ९ या क्रमांकांवर आले आहेत. त्यांचे क्रमांक बेरजेत धरत नाहीत. तरीही ते पुढे आले नसते तर ‘अ’ शाळेच्या तीन मुलांना ८, ९ व १० हे क्रमांक मिळून त्या शाळेची बेरीज ३० झाली असती. म्हणजे ज्यांचे गुण मोजले जात नाहीत, त्यांनीही आपल्या शाळेला मदत केलीच.

ही शर्यत आपल्या शाळेत एका पैशाचाही खर्च न करता घेता येईल. इयत्तांचे मिश्रण करून समान संख्येचे दोन गट पाडावेत. प्रत्येक इयत्तेतील मुलेमुली दोन्ही गटांत सारखी वाटली जातील असे पाहावे. झेपेल एवढ्याच अंतराची, मैदानाला एक-दोन फेऱ्यांची धाव ठेवावी. अंतिम रेषेवर क्रमांकाची चिठ्ठी प्रत्येकाच्या हाती द्यावी. आपण मात्र पहिल्या पाचांची नव्हे, तर सर्वांच्या क्रमांकांची बेरीज करावी, म्हणजे शेवटच्या मुलाचा क्रमांकही मोजला जाईल. ज्या मुलाला धावणे शक्य नाही, त्याच्याकडे शर्यत सुरू करण्याची खूण किंवा चिठ्ठ्या देण्याचे काम सोपवावे. हे काम दिखाऊ नाही, कारण त्याच्यावाचून निकाल लागत नाही.

यातून गणिताचा पाठही सहज साधतो. दोन गटांत मिळून वीस मुले धावली असतील तर १ ते २० या क्रमांकांची बेरीज २१० येते. तेव्हा दोन्ही गटांच्या बेरजा मिळून २१० झाल्याच पाहिजेत. न झाल्यास चूक कोठे झाली हे मुलांनाच शोधू द्यावे.

७. आपल्या शाळेत

केंद्रपातळीवरील क्रीडास्पर्धा जवळ आल्या की आपल्या मैदानावर काय दिसते? खो-खोच्या संघात तीच नऊ-दहा चपळ मुले. उरलेली मुले काठावर त्यांच्या चपला राखीत, पाण्याची कळशी सांभाळीत बसलेली. परिपाठात प्रार्थना सांगणारा आवाज तोच, सुविचार लिहिणारे अक्षर तेच, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणारी मुलगीही तीच. यात शिक्षकाचा दुष्ट हेतू मुळीच नसतो. कार्यक्रम चांगला व्हावा एवढीच इच्छा असते. परंतु कार्यक्रम चांगला होतो आणि मूल मागे राहते. लहान शाळेला निसर्गतः लाभलेला जो मोठा गुण, तो आपण आपल्याच हाताने घालवितो. वीस मुलांच्या शाळेत दोन हजारांच्या शाळेचे प्रेक्षक तयार करतो.

यावर एक सोपा उपाय सुचवावासा वाटतो. एका वहीच्या डाव्या बाजूस सर्व मुलांची नावे लिहावीत आणि वरच्या ओळीत महिन्यातील कामे : परिपाठ, खेळ, बालसभा, भित्तिपत्रक, वाचनपेटी, परसबाग, पाहुण्यांचे स्वागत, स्नेहसंमेलनाची तयारी. ज्या कामात ज्या मुलाने जबाबदारी घेतली, तेथेच खूण करावी. केवळ हजर असल्याबद्दल खूण करू नये. महिनाअखेर वही समोर धरावी. कोणाची ओळ खुणांनी भरली आहे आणि कोणाची कोरी आहे, हे पाहताच कळेल. पुढील महिन्याचे पहिले काम कोऱ्या ओळीच्या मुलाकडे द्यावे. ते अडखळेल, प्रार्थनेतील ओळ विसरेल, संघ कदाचित एखादा सामना हरेलही. ती किंमत मोजण्यासारखी आहे.

याचा अर्थ तालुक्याच्या स्पर्धेत उत्तम संघ पाठवू नये असा नाही. जरूर पाठवावा. परंतु शाळेचे वर्ष स्पर्धेच्या एका दिवसाचे नसते. त्या दिवसासाठी नऊ मुले निवडावीत. उरलेल्या दिवसांसाठी सर्व मुले निवडावीत.

न्यू ट्रायरसारख्या शाळेचे तलाव, नाट्यगृह व नभोवाणी केंद्र आपल्याला आणता येणार नाही आणि त्याची खंत करीत बसण्याचेही कारण नाही. त्या शाळांनी मोठ्या खर्चाने, नाना संघ आणि मंडळे काढून जे मिळविण्याचा प्रयत्न चालविला आहे, ते आपल्या दोनशिक्षकी शाळेच्या अंगणात आधीच आहे. ‘आज तू आला नाहीस तर आपले काम अडेल,’ हे वाक्य प्रत्येक मुलाला मनापासून सांगता येईल इतकी आपली शाळा लहान आहे. ते सांगितले जाते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

गटसंमेलनात विचारासाठी प्रश्न

(१) गेल्या वर्षभरात आपल्या शाळेतील किती मुलामुलींना एकही जबाबदारीचे काम मिळाले नाही? त्यांची नावे आठवून लिहा.

(२) आपल्या शाळेत मुलींसाठी मैदानाची वेळ ठरलेली आहे काय? नसल्यास ‘मुली खेळत नाहीत’ हे विधान आपण कशाच्या आधारे करतो?

(३) सर्वांच्या क्रमांकांची बेरीज करण्याची शर्यत आपल्या शाळेत घ्या. निकाल लागल्यावर शेवटी आलेल्या मुलाशी त्याच्या गटातील मुले कशी वागली, ते पुढील संमेलनात सांगा.